दोन दिव्यांची बॅटरी

नेई मोआरिताला सगळं बेट ‘नेई माकू’ म्हणायचं, म्हणजे भित्री बाई. तोंडावर म्हणायचं, आणि तीही ओ द्यायची. ती माडाखाली बसायची नाही, डोक्यात नारळ पडेल म्हणून. ओहोटीला प्रवाळाच्या कडेपर्यंत जायची नाही. घरात कुणाला साधा खोकला झाला तरी ती रात्रभर त्याच्या उशाशी बसायची. धीट माणसांना भित्र्यांची थट्टा करायला फार आवडतं. आपण धीटपणे बाहेर हिंडतो ते घरात कुणीतरी आपल्या वाटचं भिऊन ठेवतं म्हणून, हे त्यांच्या गावीही नसतं.

तिची भीती काही आभाळातून पडलेली नव्हती. ती लहान असताना तिचा बाप एका सकाळी मासे धरायला गेला आणि त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं. या बेटाच्या पश्चिमेला पाण्याला ओढ आहे, आणि त्या ओढीच्या वाटेवर कितीतरी दिवस जमीन लागत नाही. होडी सापडली नाही आणि बापही सापडला नाही. आई मात्र रोज संध्याकाळी त्याच्या वाट्याचा मासा आणि बाबाईचा उकडलेला कंद ताटलीत काढून वर झाकण ठेवायची. सकाळी झाकण उचलून ते अन्न डुकरांना घालायचं काम मोआरिताकडे होतं. रोज झाकण उचलताना तिला वाटायचं, आज ताटली रिकामी असेल, बाबा रात्री येऊन जेवले असतील. मोठी झाली, लग्न झालं, तरी झाकलेली ताटली दिसली की झाकण काढल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

पंचायतीने होड्यांसाठी वॉकीटॉकी आणल्या, तेव्हा त्यांच्या जादा बॅटऱ्या सांभाळायला कुणीतरी हवं होतं. धक्क्यावरच्या बर्फघरात मोआरिता आधीपासून कामाला होतीच. म्हाताऱ्यांनी तिचंच नाव काढलं. एकजण म्हणाला, “भित्रं माणूस बरं. झोपेतसुद्धा उठून बघून येईल.” सगळे हसले, पण बोलला ते खरं होतं.

राजधानीत जाऊन ती शिकून आली. जादा बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही. आमच्याकडच्या उकाड्यात भरलेली बॅटरी पडून राहिली की आतून झिजते, कधी पोट फुगतं. रिकामीही ठेवायची नाही. रिकामी फार दिवस राहिली की मरते, मग कितीही वीज पाजा, उठत नाही. अर्धी भरून, कोरड्या गार जागी ठेवली की ती शांत झोपते. पाठीवर एक बटण असतं, ते दाबलं की दिवे लागतात. चार दिवे म्हणजे पूर्ण, दोन म्हणजे अर्धी. होडी जायच्या आदल्या दिवशी दोनाचे चार करायचे आणि मगच बॅटरी नाखव्याच्या हातात द्यायची.

मोआरिताने बर्फघराच्या भिंतीलगत, जिथे गारवा येतो पण ओल येत नाही, अशा जागी फळी ठोकून घेतली. दर अमावास्येला ती एकेक बॅटरी हातात घेऊन बटण दाबायची. दिवा कमी झाला असेल तर थोडी वीज द्यायची. एकदा एक बॅटरी टम्म फुगलेली निघाली. तिला ती वाळूच्या बादलीत घालून, हात लांब करून, तोंड फिरवून, पार प्रवाळापर्यंत घेऊन जाताना ज्यांनी पाहिलं ते अजून नक्कल करून दाखवतात. बादलीतून धूर निघाला तो त्यांना आठवत नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण या बेटांवर बुबुसी म्हणून एक चीज आहे.

बुबुसी म्हणजे मागणं. नात्यातल्या माणसाने ‘बुबुसी’ म्हणून एखादी वस्तू मागितली की द्यायची. कारण विचारायचं नाही, टाळाटाळ करायची नाही आणि दिल्यावर त्याचा उच्चारसुद्धा करायचा नाही. नाही म्हणणाऱ्याची छी थू होते, आणि देऊन बोलून दाखवणाऱ्याची त्याहून जास्त. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्याकडे याच भिडेवर उपाशी माणसं जगलेली आहेत, तेव्हा तिला नावं ठेवायची सोय नाही.

एका दुपारी मोआरिताची थोरली जाऊ नेई आकोइया बर्फघरात आली. आकोइया म्हणजे चर्चच्या गाण्याच्या मेळ्याची मुख्य. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. मोआरिताचा नवरा ब्वेरेइया दुसऱ्या दिवशी कुपा माशांच्या शिकारीला जाणार होता. त्याच्या वॉकीटॉकीत एक भरलेली बॅटरी चढवून झाली होती, आणि जादा म्हणून दुसरी भरून मोआरिताने फडक्यावर ठेवली होती.

“काय गं, नवऱ्याची शिदोरी बांधतेस वाटतं?” आकोइया म्हणाली.

“या जाऊबाई. त्याची जादा बॅटरी आहे.”

“हां, तीच. मोआरिता, बुबुसी.”

मोआरिताने फडकं बॅटरीवर ओढलं.

“तेबुरेआने तारा जोडून चर्चचा भोंगा या बॅटरीवर चालवून दाखवलाय,” आकोइया म्हणाली. तेबुरेआ तिचा नवरा, ब्वेरेइयाचा थोरला भाऊ. “आज, उद्या तालीम आहे. पलीकडच्या गावाचा मेळा आम्हाला बेडूक म्हणतो. ऐकवते म्हणावं त्यांना.”

बॅटऱ्या पंचायतीच्या, कुणालाही द्यायच्या नाहीत, असं राजधानीतल्या साहेबाने बजावलं होतं. पण राजधानीतल्या साहेबाला इथे जाऊ नव्हती. मोआरिताने फळीवरची एक काढून पुढे केली. आकोइयाने बटण दाबलं. दोन दिवे लागले.

“अर्धी?” आकोइया म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. “समोर भरलेली ठेवून मला अर्धी देतेस? घरी पाहुणा आला तर अर्धा मासा वाढतेस का गं तू?”

“नाही हो जाऊबाई, फळीवरच्या सगळ्या अर्ध्याच ठेवायच्या असतात, त्या झोपलेल्या...”

“मग झोपू देत की.”

मोआरिताने भरलेली बॅटरी दिली. आकोइयाने परत केलेली दोन दिव्यांची बॅटरी तिने ब्वेरेइयाच्या सामानाच्या डब्यात ठेवली. सकाळी ऊन वर आलं की भरून टाकू, तो काही दुपारच्या भरतीआधी जात नाही, असा तिचा हिशेब.

सकाळी ऊन आलंच नाही. आभाळ गच्च होतं, छपरावरच्या सौरपाट्या नुसत्या बसून होत्या. आणि उजाडताच दक्षिणेला पाण्यावर पक्ष्यांची झुंबड दिसली. पक्षी तिथे कुपा. धक्क्यावर एकच धावपळ झाली. ब्वेरेइया हसत, ओरडत आला आणि डबा उचलून होडीत उडी मारली.

“बॅटरी?” त्याने विचारलं.

“एक वॉकीटॉकीत आहे. एक डब्यात,” मोआरिता म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. पण ‘अर्धी आहे’ म्हटलं असतं तर ‘का?’ आलं असतं, आणि ‘का’चं उत्तर द्यायचं म्हणजे दिलेली वस्तू बोलून दाखवायची, तीही नवऱ्याच्या वहिनीची. एक दिवसाचा तर प्रश्न, ती मनाशी म्हणाली. होडी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग बर्फघरात गेली आणि तिथल्या मोठ्या वायरलेसजवळ बसली. काम सोडून दिवसभर तिथेच बसायचं तिला काही कारण नव्हतं, भीती सोडून.

ब्वेरेइया हा बोलका प्राणी. वॉकीटॉकी हातात आली की त्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. सकाळभर तो दुसऱ्या होड्यांशी गप्पा मारत होता, कुणाच्या गळाला काय लागलं ते विचारत होता, मध्येच गाणं म्हणत होता. ऐकण्याने बॅटरी फारशी संपत नाही, बोलण्याने संपते. मोआरिताला प्रत्येक शब्दागणिक दिवा विझताना दिसत होता.

दुपारी बाकीच्या होड्या परत आल्या. ब्वेरेइया मोठ्या थव्यामागे पश्चिमेला गेला होता. मग त्याचा आवाज आला, आणि या खेपेला त्यात गाणं नव्हतं.

“बर्फघर, बर्फघर. इंजिन बसलं. तेलात पाणी गेलंय वाटतं. खोलून बघतोय.”

थोड्या वेळाने पुन्हा. “होत नाही. पाणी ओढतंय मला. माडांचे शेंडे आता नीट दिसत...” आणि आवाज तुटला.

पश्चिम. मोआरिताच्या बापाला नेलेली तीच ओढ. धक्क्यावरची माणसं आत आली. गावाला बातमी सांगावी लागत नाही. बायका तालमीतून उठून आल्या, त्यांत आकोइयाही होती. तेबुरेआ भावासाठी होडीत तेल भरायला धावला. पण त्याची वॉकीटॉकी सकाळपासून वापरून थकलेली, आणि आभाळ आत्ता कुठे उघडत होतं, फळीवर द्यायला होत्या त्या सगळ्या अर्ध्याच.

वायरलेस खरखरला.

“घाबरू नका, मी आहे!” ब्वेरेइया. आवाजात पुन्हा जोम आला होता. “पहिली बॅटरी मेली. आता दुसरी घातलीय, भरलेली. बायकोची कृपा! आता तुम्ही येईपर्यंत मी बोलत राहतो, म्हणजे मलाही बरं आणि तुम्हालाही. काय रे तेबुरेआ, ऐकतोयस ना? तो मोठा कुपा माझा होता, लक्षात ठेव...”

लोक हसले. कुणीतरी टाळी दिली. खोलीत एकटी मोआरिता हसत नव्हती. त्याला वाटत होतं आपल्याजवळ चार दिवे आहेत. होते दोन, आणि तेही जुन्या बॅटरीचे. तो असाच बोलत राहिला तर तेबुरेआची होडी तिथे पोचेपर्यंत वॉकीटॉकी मेलेली असणार, आणि त्या अफाट पाण्यात एवढीशी होडी आवाजाशिवाय शोधायची म्हणजे देवाचंच काम.

तिने बटण दाबलं. “ब्वेरेइया, गप्प बस. बोलू नकोस.”

“बघा, नेई माकू आली!” तो हसला. “अगं, भरलेली बॅटरी आहे. भिऊ नकोस. तुला एक गाणं म्हणतो, ऐक.”

आणि तो खरंच गायला लागला. आकोइयाच्याच मेळ्याचं गाणं. बायकाही गुणगुणायला लागल्या.

मोआरिताने मागे बघितलं. दारात आकोइया उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती. तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत ‘बोलू नकोस’ होतं, की भीती होती, हे मोआरिताला सांगता आलं नसतं. एवढं मात्र नक्की की हे या वायरलेसवर बोलायचं म्हणजे साऱ्या बेटासमोर बोलायचं. परतलेल्या होड्यांच्या वॉकीटॉकी घराघरांत चालू होत्या. मानेआबात, गावाच्या सभाघरात, म्हातारे एक मध्ये ठेवून बसले होते. आजवर या बेटावर कुणी बुबुसीत दिलेलं असं चारचौघांत मोजून दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर त्या माणसाच्या नातवंडांनासुद्धा ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं. तिच्या डोळ्यांसमोर झाकलेली ताटली आली.

गाणं श्वास घ्यायला थांबलं तशी तिने बटण दाबलं.

“ब्वेरेइया, ती बॅटरी अर्धी आहे. दोन दिव्यांची. जुनी आहे. तुझी भरलेली मी आकोइया जाऊबाईंना दिली. बुबुसीत. भोंग्यासाठी. ऐकलंस? अर्धी आहे ती. आता एक शब्द बोलू नकोस. बंद कर. दर वेळी सूर्य वीतभर खाली आला की चालू कर, ऐक, कुणी हाक मारली तरच एकदा बोल, आणि परत बंद कर. ऐकलंस? बोलू नकोस. नुसतं दोनदा बटण दाब.”

वायरलेसमधून काहीच आलं नाही. मग खट्. आणि पुन्हा खट्.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बायका हळूहळू मोआरितापासून सरकल्या. आकोइया दारातून निघून गेली.

मोआरिताला रडू आलं नाही. भीतीच्या पलीकडेही भीती असते, तिथे ती जाऊन पोचली होती. नवरा गेला तर गेला, आणि आला तर या बेटावर तोंड कसं दाखवायचं. आणि तो येईल असं धरून चालायची तिच्यात हिंमत कुठली?

बाहेर जड पावलं वाजली. आकोइया परत आली होती, घामाने निथळत, तोंड लालबुंद. तिने टेबलावर बॅटरी आदळली. तारांची दोन टोकं अजून तिला लोंबत होती.

“घे,” ती म्हणाली. “तीन दिवे आहेत. बघून आणलीय. आणि माझ्याकडे असं बघू नकोस, नाहीतर दोन ठेवून देईन.”

मोआरिताच्या बोटांना तारा सुटेनात. आकोइयानेच दाताने ओढून काढल्या. तेबुरेआ बॅटरी घेऊन धावला. त्याच्या इंजिनाचा आवाज पश्चिमेकडे जात जात बारीक झाला.

मग वाट बघणं. त्यात सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून गोष्टींमध्ये लोक ते एका ओळीत संपवतात. मोआरिता बाहेर जाऊन हात लांब करून सूर्याखाली वीत धरायची आणि आत येऊन कान लावायची. एका वितीला काही आलं नाही. बंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणून काही आलं नसेल. किंवा बॅटरीने मान टाकली असेल. दोन्हींचा आवाज एकच. शेजारणीने तिच्यासाठी घरून मासा आणि बाबाई आणली, तिने हात लावला नाही. शेजारीण माशा बसू नयेत म्हणून ताटलीवर झाकण ठेवून गेली. मोआरिताने उठून ते झाकण काढलं आणि दाराबाहेर फेकलं.

सूर्य पाण्याला टेकत आला तेव्हा तेबुरेआचा आवाज आला, खूप लांबून. “ब्वेरेइया, मी आलोय. कुठे आहेस? दिसत नाहीस.”

काही नाही.

“ब्वेरेइया, बोल. आता बोल!”

मोआरिता दोन्ही हातांनी टेबल धरून उभी होती. पाठीला कुणाचातरी हात लागला. आकोइयाचा होता.

आणि मग एक आवाज, दोऱ्यासारखा बारीक. “दादा. सूर्याकडे तोंड कर. तुझ्या डाव्या हाताला. तुझी होडी दिसतेय मला...”

तिथेच तो तुटला. पुन्हा आला नाही. पण तेबुरेआने डावीकडे वळवलं होतं.

दोघं किनाऱ्याला लागले तेव्हा सगळं गाव पाण्यात उतरलं होतं. ब्वेरेइया चालत वर आला, तोंड मिठाने पांढरं पडलेलं, ओठ फुटलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं. बर्फघरात येऊन त्याने उघडी ताटली ओढली आणि माशा उडवत खायला लागला. मोआरिता त्याच्याकडे बघत राहिली.

“तू वायरलेसवर असं बोललीस,” माशाचा काटा काढत तो म्हणाला, “तेव्हा मी घाबरलो. समुद्राला नाही भ्यालो गं. म्हटलं, ही असलं बोलतेय, म्हणजे मी मरायला टेकलोय.” मग म्हणाला, “त्यानंतर सारखं ते बटण दाबावंसं वाटत होतं. नुसतं कुणीतरी बोलताना ऐकावं म्हणून.”

त्याने बॅटरी तिच्या हातात दिली. तिने बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही.

पुढचे काही दिवस वाईट गेले. विहिरीवर बायका तिला बघून गप्प व्हायच्या. तेबुरेआच्या घरून माडीची काकवी यायची ती बंद झाली. पलीकडच्या गावाने तर गाणंच रचलं, बेडकांच्या भोंग्याचं. ते आकोइयाच्या कानावर गेलंय असं कळलं तेव्हा मोआरिता दोन दिवस धक्क्याच्या वाटेनेसुद्धा फिरकली नाही. नवरा परत मिळाला होता, तरी रोज सकाळी ती वाटेकडे नजर लावून बसायची. आज आकोइया येईल, आज ती काय ते बोलेल.

आकोइया आली ती अमावास्येला. मोआरिता फळीसमोर बसून बॅटऱ्यांची बटणं दाबत होती. धक्क्यावर चांगली पाच-सहा माणसं मासे साफ करत होती, त्यांचे हात थांबले.

“मोआरिता,” आकोइया दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बुबुसी.”

मोआरिताने हातातली बॅटरी फळीवर ठेवली. आता ही डुक्कर मागेल, शिवणयंत्र मागेल, घराची जागासुद्धा मागू शकेल. काहीही मागितलं तरी द्यावं लागणार होतं, आणि द्यायचंच, असं ठरवूनच ती उठली.

“मागा जाऊबाई.”

आकोइया फळीपर्यंत आली. तिचा तो भक्कम आवाज कुठे गेला कोण जाणे.

“उद्या तेबुरेआ पश्चिमेला जातोय. सांगून ऐकत नाही मेला. मी त्याला हसत हसत पाठवते, नेहमीच, तुला ठाऊक आहे. काल मला झोप लागली नाही.” तिने फळीकडे बघितलं. “तुझी भीती दे मला. थोडी दे. ती कशी करतात ते मला येत नाही.”

धक्क्यावर कुणीतरी हसलं, आणि कुणी साथ देईना तेव्हा गप्प झालं.

मोआरिताने तिला जवळ बसवलं. तिचा जाड अंगठा धरून बटणावर ठेवला. दोन दिवे लागले. अर्धी कशी ठेवायची, भरायची केव्हा, हातात गरम लागली तर काय, फुगली तर काय, दिवे दिसले तरी एकदा वॉकीटॉकीत घालून बोलून का बघायचं, सगळं सांगितलं. मग आभाळाकडे बघून पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आकोइया मान हलवत ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू मोआरितासारखा होत चालला होता.

बुबुसीत दिलेली वस्तू देणाऱ्याकडे उरत नाही. ही मात्र मोआरिताकडे होती तेवढीच उरली.